आठ संत्री आणि दोनशे पत्रिका

संख्याशास्त्रावर लिहा असे मंडळाने सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हणाले होते. या व्याख्यानमालेच्या पुस्तिका आपल्याकडे घरोघरी जपून ठेवतात. त्यांत आकडेमोड कोण वाचणार? मग मनात आले, आपल्या घरांतले मोठमोठे निर्णय 'आमचा अनुभव आहे' एवढ्या बोलण्यावर होतात. कशाला अनुभव म्हणायचे आणि तो किती असला म्हणजे पुरे, हाच तर या शास्त्राचा विषय. तेव्हा लिहिते आहे.

मी मानसशास्त्राच्या बी. ए.च्या मुलामुलींना संख्याशास्त्र शिकवते. मुले मानसशास्त्र घेतात ती माणसाचे मन कळावे म्हणून, आणि पहिल्याच वर्षी पुढ्यात आकडे आले की चेहरे उतरतात. त्यात भाषेचा घोळ. आमच्याकडे शिकणे हिंदीतून, म्हणून शब्द 'शून्य परिकल्पना'. नागपूर-पुण्याचे मराठी पुस्तक आणले तर त्यात 'शून्य अभ्युपगम'. आणि घरी बोलायची भाषा तिसरीच. मी वर्गात सांगते, परीक्षेत जो शब्द हवा तो लिहा, पण मनाशी एवढेच म्हणा: 'विशेष काही नाही, हा योगायोग आहे.' शून्य परिकल्पना ती हीच. समोरचा माणूस काहीतरी विशेष असल्याचा दावा करतो. आपण घटकाभर धरून चालतो की विशेष काही नाही. आणि मग बघतो, नुसत्या योगायोगाने असे घडायची शक्यता किती होती. ती फारच कमी निघाली तर योगायोगाचे म्हणणे सोडायचे. नाही तर नाही.

गेल्या साली वर्ग सुटल्यावर एक मुलगी मागे थांबली. तिच्या मोठ्या बहिणीची सोयरीक वरुडकडे जवळजवळ ठरली होती. मुलगा, घर, शेती सगळे मनासारखे. शेवटी पत्रिका पाहिली आणि मंगळ निघाला. त्या घरात पूर्वी एकदा मंगळाची सून आली होती आणि वर्षाच्या आत सासरा गेला होता. बोलणी तिथेच थांबली. मुलगी म्हणाली, "मॅडम, तुम्ही टेस्ट शिकवता ना? मग हे तपासता येतं का?"

त्या दिवशी मी उत्तर दिले नाही. उत्तराला जरा लांबून यावे लागते, आणि आमचा रस्ता तिच्या आबांच्या संत्र्यांवरून गेला.

आबा पांढुर्ण्याचे, आजोळ सौंसरचे. त्यांचा दावा असा: "बाई, मी डोये मिटून सांगतो, कोन्तं संत्रं पांढुर्ण्याचं अन् कोन्तं सौंसरचं." घरात कोणी मानत नव्हते, पण तोंडावर नाही म्हणायचीही सोय नव्हती. मुलीला म्हटले, हेच तपासू. आंबिया बहाराची संत्री बाजारात होतीच. पांढुर्ण्याकडच्या चार वेगवेगळ्या बागांतून एकेक आणि सौंसरकडच्या चार बागांतून एकेक, अशी आठ घेतली. एकाच बागेतली चार घेतली असती तर आबांनी गाव ओळखले की बाग ओळखली, हे कळले नसते. सोलून फोडी केल्या. आठ ताटल्यांचा क्रम लहान नातवाने चिठ्ठ्या उचलून ठरवला. ताटल्या ज्यांनी भरल्या त्या वहिनी स्वयंपाकघरातच थांबल्या आणि ताटल्या बाहेर आणल्या त्या, कोणती कुठली हे ठाऊक नसलेल्या शेजारणीने. कारण वहिनींचा चेहरा वाचणे आबांना संत्र्यापेक्षा सोपे होते. आबांना एवढेच सांगितले होते की चार इकडची, चार तिकडची.

आठांतून चार निवडायचे प्रकार 70. त्यांतला पूर्ण बरोबर एकच. म्हणजे ज्याला काहीच ओळखता येत नाही असा माणूस नुसत्या अंदाजाने आठही बरोबर सांगेल, ही शक्यता 70 पैकी 1, शेकडा दीडाहूनही कमी. आबांनी आठही ओळखली असती तर मी योगायोगाचे म्हणणे सोडून दिले असते. त्यांनी सहा ओळखली. दोन चुकली, एक इकडचे आणि एक तिकडचे.

घरात टाळ्या पडल्या. आठांपैकी सहा म्हणजे शेकडा पंचाहत्तर, पहिला वर्ग! पण हिशोब करा. सहा किंवा त्याहून जास्त बरोबर येण्याचे प्रकार 70 पैकी 17. म्हणजे आंधळा अंदाज करणाराही साधारण चारांत एकदा एवढे गुण मिळवेल. मी म्हटले, "आबा, यावरून तुम्हाला ओळखता येतं असं म्हणता येत नाही." आबा रागावले. "म्हंजे मले ओयखता येत नाही असं म्हनता?" तसेही नाही. परीक्षेला बसणाऱ्या पोरांची सगळ्यात जास्त चूक इथेच होते, म्हणून इथे जरा थांबते. न्यायालयात आरोपी सुटला याचा अर्थ तो निर्दोष ठरला असा नसतो. पुरावा पुरेसा पडला नाही एवढाच असतो. 'शून्य परिकल्पना फेटाळता आली नाही' आणि 'शून्य परिकल्पना खरी ठरली' ही दोन वेगळी वाक्ये आहेत. आठ संत्री ही फार लहान परीक्षा होती. आबांना खरोखर थोडेफार ओळखता येत असले तरी तिच्यात ते दिसून येणे कठीण होते.

ही युक्ती माझी नव्हे. इंग्लंडातल्या रोथॅमस्टेड इथल्या शेतीसंशोधन केंद्रात काम केलेल्या रोनाल्ड फिशर यांनी 1935 च्या आपल्या पुस्तकात ती मांडली. तिथे संत्र्यांऐवजी चहाचे आठ कप होते, आणि कपात आधी दूध घातले की आधी चहा हे चवीने ओळखण्याचा दावा एका बाईंचा होता. शेकडा पाचाची जी रेघ आज जगभर पाळतात तीही फिशर यांनीच रूढ केली. ती रेघ आकाशातून पडलेली नाही, सोयीची आहे. शंभरात पाच वेळा आपण उगाच योगायोगाला 'विशेष' म्हणून बसू, एवढी चूक चालवून घ्यायची असा तो करार. अंगावर येणारा निर्णय असेल तर रेघ आणखी वर न्यावी. मात्र एक अट कडक: रेघ आधी ओढायची, मग संत्री कापायची. सहा आल्यावर 'सहा पुरेत' म्हणायचे नाही.

आता मंगळ.

पत्रिकेतल्या बारा घरांपैकी पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या घरात मंगळ असला की मंगळदोष धरण्याची आपल्याकडची रीत. बारांपैकी पाच. परिहार वगैरे बाजूला ठेवले तर ढोबळमानाने शंभरातल्या चाळीस-बेचाळीस जणांना मंगळ असणार. तेव्हा ज्या घरात काही वाईट घडले, तिथली सून मंगळाची निघणे ही नवलाची गोष्ट नाही. पाचांपैकी दोन घरांत ती तशी निघायचीच.

मी मुलीला वहीत चार खाने काढायला लावले. मंगळाची सून आणि वर्षाच्या आत घरात दुःख, हा पहिला. मंगळाची सून आणि सगळे सुरळीत, हा दुसरा. मंगळ नाही आणि तरीही दुःख, तिसरा. मंगळ नाही आणि सुरळीत, चौथा. त्या वरुडकडच्या घराने जो अनुभव सांगितला तो पहिल्या खान्यातला, आणि तो एकच. दुसऱ्या आणि चौथ्या खान्यातल्या घरांची गोष्ट होतच नाही. कुणी म्हणत नाही की 'सून आली आणि सासरे नेहमीप्रमाणे शेतावर गेले.' तिसऱ्या खान्यात गोष्ट होते, पण तिथे कारण दुसरे सापडते: वय झाले होते, साखर होती, डॉक्टरकडे न्यायला उशीर झाला. मन हे असे हिशोब ठेवते. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याला चारही खाने भरायला शिकवायचे ते यासाठीच. मंगळाच्या घरांत दुःखाचे प्रमाण किती, बिनमंगळाच्या घरांत किती, आणि दोन्हींतला फरक योगायोगापेक्षा मोठा आहे का, हाच प्रश्न आहे. एका घराच्या अनुभवातून तो विचारताही येत नाही.

हेच चार खाने आमच्या मुलांपुढे आणखी एका ठिकाणी येतात. सौंसरजवळच्या जामसावळीला मनाने आजारी माणसांना घेऊन लांबलांबचे लोक येतात. बरे वाटलेला माणूस दहा गावांत सांगतो. ज्याला गुण आला नाही तो मुकाट्याने घरी जातो, त्याची मोजणी होत नाही. शिवाय माणूस तिथे नेतात तो दुखणे अगदी टोकाला गेल्यावर, आणि चढउतार असलेल्या दुखण्यात टोकानंतर बहुधा थोडा उतार येतोच, काही केले तरी आणि नाही केले तरी. मी श्रद्धेविषयी बोलत नाही, मोजण्याविषयी बोलते आहे. दवाखान्यातल्या नव्या गोळीलाही हीच अट आहे: गोळी न घेतलेल्यांची बरोबरी करून दाखवा, नाहीतर बाजारात येऊ नका.

तर, पत्रिकेची अशी परीक्षा कुणी घेतली का? लग्नाच्या बाबतीत अमेरिकेत एक झाली. मिशिगनमधले मानसशास्त्रज्ञ बर्नी सिल्व्हरमन यांनी 1971 मध्ये 2978 जोडप्यांची लग्ने आणि 478 जोडप्यांचे घटस्फोट घेतले, आणि राशी जुळणाऱ्या व न जुळणाऱ्या जोड्यांचे प्रमाण दोन्हीकडे वेगळे पडते का ते पाहिले. पडले नाही. पण ती जन्मतारखेवरून काढलेली पाश्चात्त्य सूर्यरास. आपले ज्योतिषी म्हणतील की ती पत्रिकाच नव्हे, आणि हा आक्षेप रास्त आहे. म्हणून पुण्यात झालेली परीक्षा आपल्याला जास्त जवळची.

2001 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांत वैदिक ज्योतिषाचे अभ्यासक्रम सुरू करण्याचे ठरवले, तेव्हा देशात मोठा वाद झाला. विरोध करणाऱ्या शास्त्रज्ञांत जयंत नारळीकर होते. विरोधाची भाषणे पुष्कळ झाली. नारळीकरांनी पुढे जाऊन तपासून पाहायचे ठरवले. सोबत पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागातले प्रा. सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे नरेंद्र दाभोलकर, आणि ज्योतिषाचा आतून अभ्यास असलेले प्रकाश घाटपांडे. दाभोलकरांच्या कार्यकर्त्यांनी शाळाशाळांतून 100 हुशार मुलांच्या आणि विशेष शाळांतून 100 बौद्धिक अक्षम मुलांच्या जन्माच्या तारखा, वेळा आणि ठिकाणे गोळा केली. (त्या वेळी 'मतिमंद' हा शब्द चालत असे; आता तो मागे पडला ते बरेच झाले.) त्यावरून संगणकाने दोनशे पत्रिका मांडल्या. प्रत्येकीला सांकेतिक क्रमांक दिला आणि मूळ यादी संख्याशास्त्र विभागात बंद ठेवली, म्हणजे उत्तर ना ज्योतिष्याला ठाऊक, ना त्याच्याशी बोलणाऱ्याला. वहिनींना स्वयंपाकघरात थांबवले होते, त्याचेच हे मोठे रूप. मे 2008 मध्ये जाहीर आवाहन झाले: या, प्रत्येकी 40 पत्रिका घ्या, कोणती हुशार मुलाची आणि कोणती अक्षम मुलाची एवढेच सांगा.

प्रश्न मुद्दाम सोपा ठेवला होता. पत्रिकेवरून बुद्धी कळते हे ज्योतिष्यांचे स्वतःचेच म्हणणे, आणि दोन गटांतला फरक तर जमीन-अस्मानाचा. रेघही आधी ओढली: 40 पैकी निदान 28 बरोबर हवीत. नाणे उडवून उत्तर देणाऱ्याला 20 च्या आसपास मिळतील. 28 किंवा जास्त मिळण्याची शक्यता हजारात सुमारे 8.

पत्रिका नेल्या 51 ज्योतिष्यांनी, उत्तरे पाठवली 27 जणांनी. सर्वांत जास्त गुण 24. सरासरी निम्म्याच्या थोडी खालीच. एका ज्योतिष संस्थेने सगळ्या दोनशे पत्रिका तपासल्या; तिची उत्तरे 102 बरोबर आली.

24 हा आकडा वर्गात मी फळ्यावर ठेवते आणि विचारते, हा ज्योतिषी बाकीच्यांपेक्षा बरा मानायचा का? चाळीस वेळा नाणे उडवणाऱ्याला 24 किंवा जास्त मिळायची शक्यता शेकडा तेराच्या वर आहे. 27 माणसे नाणी उडवायला बसवली तर त्यांत असे तीन-चार निघावेत. उलट बाजूही सांगते. या 27 पैकी एखाद्याने 28 ची रेघ ओलांडली असती तर? एकट्याला ती ओलांडणे हजारात आठ, पण 27 जणांपैकी कुणीतरी एक ओलांडेल ही शक्यता जवळजवळ पाचांत एक. म्हणून अशा माणसाला लगेच हार घालायचा नसतो, नव्या 40 पत्रिका द्यायच्या असतात. पुष्कळ जणांनी पुष्कळ भाकिते केली की कुणाचे तरी खरे होतेच आणि तोच नावाजतो. निवडणुकीच्या दिवसांत आपण हे दर खेपेला पाहतो.

आणि सरासरी निम्म्याच्या खाली आली, त्याचे काय? एका मुलाने विचारले, म्हणजे ज्योतिष उलटे वाचले तर खरे? प्रश्न थट्टेचा होता, पण चांगला होता. 27 गुणिले 40 म्हणजे 1080 उत्तरे झाली, तरी ती 1080 सुटी नाणी नव्हेत. पत्रिका मुळात दोनशेच, त्याच अनेकांच्या हाती गेल्या, आणि वाचण्याचे नियमही पुष्कळसे एकच. एका फसव्या पत्रिकेने पाच जण एकाच दिशेने फसले तर ती पाच स्वतंत्र चुका धरता येत नाहीत. भल्या शिकलेल्यांची गणितेही इथे घसरतात.

आबांना मी हे सगळे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि म्हणाले, "सत्तावीस जनं म्हंजे सगये जोतिषी नोहेत. जे खरे हायेत ते असल्या परीक्षेले बसत नाहीत." याला मी हसले नाही, वाचकहो, तुम्हीही हसू नका. कोण परीक्षेला बसले आणि कोण नाही, हा आक्षेप अगदी शास्त्रशुद्ध आहे. 51 पैकी 24 जणांनी उत्तरे पाठवलीच नाहीत, त्यांच्याविषयी आपल्याला काही म्हणता येत नाही. या परीक्षेने एवढेच दाखवले की आलेल्या उत्तरांत नाणेफेकीहून जास्त काही आढळले नाही. पण आबांनाही उलट विचारावे लागते: वरुडकडच्या घराने ज्यांना पत्रिका दाखवली, ते परीक्षेला बसणाऱ्यांतले की न बसणाऱ्यांतले, हे कसे ओळखायचे? आबा यावर काही बोलले नाहीत. दावा करणाऱ्याने पुरावा द्यायचा असतो हे त्यांना शेतीच्या व्यवहारात चांगले कळते. तोलाई झाल्याशिवाय त्यांनी कधी माल सोडलेला नाही.

दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात खून झाला. नारळीकर 2025 च्या मे महिन्यात गेले. ती परीक्षा आणखी मोठी करून पुन्हा घ्यायला कुणाचीच हरकत नाही. जिल्हा झाल्यापासून आपल्याकडे पुष्कळ गोष्टी नव्याने सुरू होत आहेत, ही का नको?

आबांचे संत्र्याचे मात्र पुन्हा ठरले आहे. मृग बहाराची फळे आली की बारा संत्री, सहा इकडची, सहा तिकडची. बारांतून सहा निवडायचे प्रकार 924. दहा किंवा त्याहून जास्त बरोबर येण्याचे 37, म्हणजे शेकडा चार. तेव्हा आता एक जोडी चुकली तरी आबा पास. 'बारापैकी दहा' असे त्यांनी स्वतःच्या हाताने चिठ्ठीवर लिहून दिले आणि चिठ्ठी भिंतीवरच्या कॅलेंडरला टाचली.

बहिणीचे अजून कुठे जमलेले नाही. धाकटीने चार खान्यांची वही मोठी केली आहे. आपल्याच भावकीतून सुरुवात केली. भावकी म्हणजे काही चिठ्ठ्या टाकून निवडलेला नमुना नव्हे, हे तिला सांगितले आहे आणि तिने ते पहिल्या पानावर लिहिलेही आहे. संध्याकाळी आबा ओसरीवर बसून नावे सांगतात. ज्या घरांत काही घडले ती नावे भराभर येतात, काटोलची, नरखेडची, चाळीस वर्षांपूर्वीची. मग ती विचारते, "अन् ज्यांचं काही झालं नाही ते, आबा?" तिथे आबा थांबतात, डोळे मिटतात आणि लग्नांच्या पंगती आठवून आठवून एकेक घर काढतात.